भावाचं एसजीपीटी वाढलंय: दोष दारूचा की ड्रममधल्या केमिकलचा?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय ३४, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कोटिंग विभागात सहा वर्षं कामाला आहे. वार्षिक तपासणीत त्याचं एसजीपीटी ११८ आणि एसजीओटी ६१ आलं (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम). कंपनीच्या डॉक्टरांनी 'दारू बंद' एवढंच लिहून दिलं. भाऊ म्हणतो, मी शनिवारीच घेतो, तीही मोजून. ताई विचारतात, कामावरच्या केमिकलने लिव्हर बिघडतं का? आणि घरातल्या फिनेल, उंदराचं औषध, बागेतली फवारणी यांचं काय?

ताई, मी बावीस वर्षं कारखान्यांतला डॉक्टर आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आकडे बघू. दारूने लिव्हर बिघडलं की बहुतेक वेळा एसजीओटी हे एसजीपीटीच्या वर जातं, पुष्कळदा दुपटीच्याही वर. तुमच्या भावाचं उलट आहे. एवढ्याने दारू निर्दोष सुटत नाही, पण दोन शब्द लिहून फाइल मिटवावी इतकं प्रकरण सोपंही नाही. असा आकडा येण्यामागे सहसा चार कारणं असतात. पोट सुटलेलं नि साखर वाढलेली असली तर फॅटी लिव्हर, आणि सगळ्यात जास्त हेच सापडतं. दुसरं हिपॅटायटिस बी किंवा सी. तिसरं एखादं चालू औषध. चौथं कामावरचं रसायन. पहिल्या तिन्हींचा तपास कुठल्याही दवाखान्यात होतो. चौथ्यासाठी रुग्णाला विचारावं लागतं, आणि तेवढंच होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'सर्व्हिस' लिहिलेलं असतं. आता सर्व्हिस बँकेतली की रिअ‍ॅक्टरवरची, हे कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला तो एप्रिलमध्ये, ऐन हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत. तक्रार काय, तर "डॉक्टर, हुर्राक बाधायला लागलाय." दोन घोट घेतले की तोंड, मान, छाती लालबुंद, धडधड, डोकं ठणकायचं. आधी असं कधी होत नव्हतं. घरच्यांचा संशय भट्टीवाल्यावर. मी विचारलं, काम बदललं का? तर तीन महिन्यांपूर्वी त्याला पॅकिंगमधून काढून सॉल्व्हंटच्या बाजूला घातलं होतं. औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना. मी तिथे गेलो. ड्रमवर डायमेथिल फॉर्मअमाइडचं लेबल, कामगारांच्या तोंडी 'डीएमएफ'. हातात पांढरे पातळ रबरी मोजे. मी त्याला ते काढायला लावले तर तळहात ओले होते, आणि तो ओलेपणा घामाचा नव्हता. डीएमएफ अशा मोज्यांतून आरपार जातं. साधे निळे नायट्राइलचे मोजेही त्याला फार वेळ थोपवत नाहीत, ब्युटिल रबराचे लागतात. कातडीतून ते इतक्या सहज आत शिरतं की हवेत वाफ मोजून सगळं आलबेल दिसलं तरी माणसाच्या अंगात भरपूर गेलेलं असतं. वास म्हणाल तर मंदसा माशासारखा. गोव्यात माशाच्या वासाने कोण दचकणार?

डीएमएफ शरीरात असताना दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं, म्हणून तोंड लाल होतं. कामावर संपर्क येऊन दोन-तीन दिवस उलटले तरी हे होऊ शकतं. म्हणजे हुर्राकात खोट नव्हती, हुर्राकाने उलट चुगली केली होती. त्याचं एसजीपीटी दोनशेच्या वर निघालं. कंपनीने कुरकुर करत त्याला परत पॅकिंगला पाठवलं. सहा आठवड्यांत आकडा पन्नासच्या आत आला.

म्हणून भावाला पहिला प्रश्न हा विचारा: हल्ली दारू घेतल्यावर तोंड लाल होतं का? कोटिंगच्या कामात, विशेषतः पॉलियुरेथेनच्या, डीएमएफ असू शकतं.

हे घडतं कसं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तेलात विरघळणाऱ्या वस्तूचं पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूत रूपांतर करून ती बाहेर घालवणं हे लिव्हरचं काम. ते दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात एन्झाइम त्या रेणूची मोडतोड करतात, आणि या अर्धवट अवस्थेत तो मूळ पदार्थापेक्षा कितीतरी जहाल असू शकतो. दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोनसारखे पदार्थ त्याला पकडून, बांधून, लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेने रवाना करतात. पहिला टप्पा जोरात नि दुसरा अपुरा पडला की तो मोकळा जहाल रेणू लिव्हरच्याच पेशींना चिकटतो. विष बाहेरून आलं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा बाहेरून नुसता शिधा येतो आणि विष शिजतं ते लिव्हरच्या चुलीवर.

पहिल्या टप्प्यातल्या एका एन्झाइमचं नाव सीवायपी२ई१. डीएमएफ, ट्रायक्लोरोइथिलीन, कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल, ही सगळी मंडळी कमी-अधिक प्रमाणात याच्याच हातून जातात. आणि नियमित दारूने हे एन्झाइम वाढतं. गंमत अशी की दारू पोटात असेपर्यंत ते दारूतच गुंतलेलं असतं. दारू उतरली की ते मोकळं होतं, आणि तेव्हा ते संख्येनेही जास्त असतं. म्हणजे धोक्याची वेळ पिण्याची नव्हे, दुसऱ्या दिवशीची. रविवारी डोकं धरलं म्हणून गोळ्या, सोमवारी सकाळी सॉल्व्हंटचा ड्रम, असा क्रम लागला की तिघांची मिळून एक शिजवणी होते. महिन्यातून एखाद्या शनिवारी बेताने घेणाऱ्याला हे फारसं लागू नाही. पण शनिवारची बाटली शुक्रवारी उघडून रविवारी संपत असेल, तर लागू आहे. भाऊ यातला कुठला, ते तुम्हालाच ठाऊक.

दारू की काम, हे ठरवायची एक पद्धत आपल्याकडे कॅलेंडरमध्येच छापलेली असते. श्रावणात पुष्कळ घरांत दारू-मासळी बंद आणि काम चालू. मग चवथीला सुट्टी, म्हणजे कामही बंद. रक्तातलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे दुखापत थांबली तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला हवा. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात एक तपासणी, श्रावण सरता सरता दुसरी. दारू खरोखर पूर्ण बंद ठेवूनही आकडा हलला नाही, तर दारूवर एकटीवर खापर फोडता येत नाही. मग काम महिनाभर बदलून तिसरी तपासणी. मी हे अनेकांना करायला लावलंय. कंपन्यांना पटतं, कारण खर्च फक्त रक्ततपासणीचा. मासळी बंद झाल्याने वजनही थोडं उतरतं, तेवढा घोळ राहतो, पण तो मी चालवून घेतो.

आता थिनरविषयी, कारण भावाच्या विभागात तो असणारच. साध्या थिनरमध्ये टोल्यूइन, झायलीन, अ‍ॅसिटोन, ब्युटिल अ‍ॅसिटेट असं काहीबाही असतं. ही मंडळी आधी मेंदू आणि नसांवर जातात. लिव्हर हे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक नव्हे. खरा त्रास दोन गोष्टींनी होतो. एक म्हणजे सुटा, लेबल नसलेला थिनर, ज्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसरं म्हणजे शिफ्ट संपताना हात धुण्याची पद्धत. रंगाचा डबा कापून केलेलं भांडं, त्यात तळाला गढूळ थिनर, बाजूला कॉटन वेस्टचा गोळा, आणि रांगेने सगळे त्यात कोपरापर्यंत हात बुडवतायत. हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता कारखान्यात शिरल्यावर आधी बेसिनकडे जातो. थिनर कातडीवरचं तेल काढून टाकतो, आणि मग त्याच्यासाठी नि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या प्रत्येक रसायनासाठी दार उघडं. खोबरेल लावून पुसा, साबणाने धुवा, कितीही वेळ लागू दे.

यंत्राच्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात, तिथे अंगावर पुरळ, ताप आणि कावीळ एकदम आले तर त्याला औषधाची अ‍ॅलर्जी समजून घरी पाठवू नका. काम सुरू केल्यावर काही आठवड्यांनी असं होतं आणि माणूस दगावू शकतो. कापडी किंवा एन-९५ मास्क वाफेला अडवत नाही, तो धुळीसाठी असतो. वाफेला कार्बन काट्रिजवाला मास्कच हवा, आणि काट्रिज वेळेवर बदलायला हवं.

पीव्हीसीबद्दल हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकतो. १९७४ मध्ये अमेरिकेत लुईव्हिल इथल्या एका कारखान्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की लिव्हरचा अँजिओसार्कोमा, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, जो एरवी आयुष्यात एकदाही दिसणार नाही, तो त्यांच्या एकाच कारखान्यातल्या अनेक कामगारांना झालाय. कारण निघालं विनाइल क्लोराइड, ज्या वायूपासून पीव्हीसी बनतं तो. आमच्या धंद्यात ही गोष्ट प्रत्येकाला शिकवतात, आणि मला तिच्यात आवडतं ते हे की ओळखणारा माणूस कंपनीचाच डॉक्टर होता. तुमच्या घरातला पीव्हीसीचा पाइप म्हणजे तो वायू नव्हे. पाइपची चिंता सोडा.

चिंता करायचीच तर निळ्या पिंपांची करा. मे महिन्यात नळ आटले की अंगणात जी निळी प्लास्टिकची पिंपं पाण्याला लावतात, ती पुष्कळदा भंगारवाल्याकडून आलेली असतात, आणि भंगारवाल्याकडे कारखान्यातून. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या एपिंग गावात ८४ जणांना कावीळ झाली. साथ समजून शोधाशोध झाली, तर मूळ निघालं पावात. पीठ आणि एका रसायनाचा डबा एकाच गाडीतून आले होते, डबा गळला आणि पिठाच्या पोत्यात मुरला. ते रसायन, मेथिलीनडायअ‍ॅनिलिन, एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये असायचं. प्लास्टिक असलं काहीबाही आत मुरवून धरतं, तीन वेळा सोडा घालून धुतलं तरी. भंगारातलं पिंप झाडांना पाणी घालायला ठेवा. पिण्याचं पाणी, तांदूळ, मिठागरातलं मीठ त्यात नको.

घरातल्या बाकीच्या गोष्टींत फिनेल, ब्लीचिंग, टॉयलेट क्लीनर हे मिसळले तर छाती भाजतात. लिव्हरशी त्यांचा फार संबंध नाही. डांबरगोळ्यांची गंमत वेगळी. काही मुलांत जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी अशा तान्ह्याला गुंडाळली तर त्याच्या रक्तपेशी फुटून कावीळ होते. लिव्हर ठणठणीत असतं, पण घरचे काविळीचं औषध शोधत फिरतात. २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनवरून मडगावच्या घाऊक बाजारात गदारोळ झाला होता, तेव्हा मला दिवसाला दहा फोन यायचे. फॉर्मेलिन खाण्यात असताच कामा नये, यात वाद नाही. पण ते आधी घसा-पोट जाळतं. वर्षानुवर्षं ते हुंगणाऱ्यांत कॅन्सरचा धोका नाकाघशाचा. लिव्हर त्याच्या यादीत बरंच खाली येतं.

घरात लिव्हरला घातक वस्तूंच्या यादीत सगळ्यात वर कोण, तर उंदीर मारायच्या पेस्टची ट्यूब. त्यातल्या काहींत पिवळा फॉस्फरस असतो. मुलाने चाटली तर थोडी उलटी होते, मग एक-दोन दिवस ते खेळतं-बागडतं, आणि घरचे निर्धास्त होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ आणि लिव्हर फेल. याला उतारा औषध नाही. म्हणून अशी ट्यूब तोंडात गेल्याचा नुसता संशय आला तरी मूल बरं दिसतंय म्हणून थांबायचं नाही, ट्यूब पिशवीत घालून तासाभरात बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं. मोठ्या माणसाच्या बाबतीतही तसंच. मी तर म्हणतो, ही वस्तू घरात आणूच नका. पिंजरा लावा.

कुळागर, म्हणजे सुपारीची बाग असलेल्यांनी पुढचं वाचावं. पोफळीवर कोळेरोगासाठी (सुपारी सडवणारी बुरशी) पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतात, शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (हा तांब्याचाच क्षार), एक किलो चुना. फवारणारा झाडावर चढलेला, वारा उलटा, आणि सगळं निळं तुषार तोंडावर. पोर्तुगालच्या द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षं हेच मिश्रण मारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबं साठलेल्या बारीक गाठी झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदवलं. पुढे अशाच मजुरांच्या लिव्हरमध्येही त्या सापडल्या. एखाद-दोन हंगामांत असं होत नाही. पण जे गडी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा मारत फिरतात, त्यांना तोंडाला नुसता ओला पंचा बांधून वर चढवू नका.

तांब्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या-तांब्याच्या पातेल्यात वरचं दूध तापवून तान्ह्या मुलांना पाजण्याचा आणि त्यांना होणाऱ्या लिव्हरच्या जीवघेण्या सिरॉसिसचा संबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९८३ मध्ये मांडला. स्टीलची भांडी आली तसा तो आजार जवळपास नाहीसा झाला. आता तांब्याच्या बाटलीची फॅशन परत आलीय. मोठ्या माणसाने साधं पाणी प्यायलं तर काही बिघडत नाही. त्यात लिंबू, सोलकढी, आगळ असलं आंबट भरू नका, आणि तान्ह्याचं दूध तर नाहीच.

पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी म्हणून, भरलेलं खोबरं, शेंगदाणे, मिरची पावसात बुरशी धरतात. त्यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन बनवतात, आणि ते भाजून-तळून जात नाही. १९७४ मध्ये भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला तो कैकपट. बुरशी पुसून वाटपात घालायची काटकसर सोडा. कडू दाणा थुंका.

औषधांत पॅरासिटामॉल. धडधाकट माणसाला दिवसाला चार ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ६५० च्या सहा. नियमित पिणाऱ्याने दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे तीनच. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते मोजण्यात धरा. जास्त गेलं तर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, आठ तासांच्या आत दिला तर सगळ्यात उपयोगी. आणि 'लिव्हर साफ' करणारे काढे कृपा करून भावाला देऊ नका. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही जणांचं लिव्हर बिघडल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, वाद झाला. मी स्वतः आधीच आकडा वाढलेल्या माणसाला कुठलाही पाला द्यायच्या विरुद्ध आहे. तपासणीचा सगळा हिशेब त्याने चुकतो.

भावासाठी आता नेमकं काय करायचं ते सांगतो. हिपॅटायटिस बी, सी, साखर, कोलेस्टेरॉल, जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम), बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि सोनोग्राफी, एवढ्या तपासण्या करायच्या. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर मडगावच्या ईएसआय रुग्णालयातून खर्चाविना होईल. कंपनीकडून तो हाताळतो त्या प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोके लिहिलेला कागद, मागायची. तिचा दुसरा आणि अकरावा विभाग वाचायचा. छातीवर फुटलेली चांदणी असलेल्या माणसाचं चित्र असेल तर ते रसायन आतल्या एखाद्या अवयवावर जाऊ शकतं. कुठल्या, ते तिथेच लिहिलेलं असतं. मागायला संकोच नको, विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ १९४८ च्या कारखाना कायद्यानेच कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत घातली होती. आधीच्या पाच वर्षांचे तपासणीचे कागदही मागा. ११८ हा आकडा यंदाच उगवला की दरवर्षी दहा-वीसने चढत आला, हे मला त्याच्या एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाईल.

एक लक्षात असू दे, आकडा नॉर्मल आला तरी ड्रम निर्दोष ठरत नाही. विनाइल क्लोराइडच्या कामगारांत एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हरमध्ये चरबी नि सूज सापडलेली आहे. म्हणून सोनोग्राफी टाळू नका.

तोवर त्याला म्हणावं, ड्रमच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढ, हातमोज्यांच्या पाकिटाचाही. दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, किंवा अंगावर पुरळ उठलं, तर श्रावणाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बांबोळी.